बोलीचें जतन आणि आपल्या हातांतील यंत्र

हरवलेली वस्तु शोधूं गेलें असतां पुष्कळदां सांपडते; हरवलेला शब्द मात्र सहसा सांपडत नाहीं. वस्तु हरवली म्हणजे घरांत शोधाशोध होते, परंतु शब्द हरवला हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. तो शब्द बोलणारी आजी एके दिवशीं हें जग सोडून जाते आणि तिच्यामागोमाग तो शब्दही जातो. आमच्या वार्षिकांत विद्याभ्यास, व्यायाम, शिस्त इत्यादि विषयांवर नेहमींच लिहिलें जातें. यंदा या हरवत चाललेल्या शब्दांविषयीं, आणि ते राखण्याचें जें साधन आज आपल्या हातांत आलें आहे त्याविषयीं, चार विचार वाचकांपुढें ठेवावे असें आम्हांस वाटतें.

आमच्या राजारामपुरींत गल्ल्यांना क्रमांक आहेत. पत्ता विचारणारास अमक्या क्रमांकाची गल्ली एवढें सांगितलें कीं त्याचें काम भागतें. परंतु त्या गल्लींतील बोलण्यास मात्र एकच क्रमांक लावतां येत नाहीं. शिक्षण, नोकरी व व्यापार यांसाठीं चंदगड, आजरा, गडहिंग्लज, भुदरगड, शाहूवाडी अशा अनेक बाजूंनीं आलेलीं कुटुंबें येथें शेजारीं शेजारीं राहतात. चंदगड तालुका १९५६ सालीं राज्यपुनर्रचनेच्या वेळीं बेळगांव जिल्ह्यांतून कोल्हापूर जिल्ह्यांत आला. त्या मुलखाची बोली कोंकणीच्या अंगानें जाते. गडहिंग्लजकडील कित्येक घरांत मराठी व कानडी या दोन्ही भाषा एकाच चुलीपाशीं नांदतात. खुद्द कोल्हापूरच्या बोलीचेंही व्याकरण पुस्तकांतल्याहून निराळें आहे. येथील पुष्कळ स्त्रिया ‘मी येतें’ असें न म्हणतां ‘मी येतो’ असें म्हणतात, आणि ‘करीत आहे’ याच्या जागीं ‘करालाय’ हें रूप सर्रास ऐकूं येतें. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द तर कानडीच्या जुन्या शेजाराची खूण म्हणून सर्व महाराष्ट्रभर रूढ झाले आहेत. असा हा ठेवा आहे. पण ठेवा आहे असें आपण मानतों काय?

एक प्रसंग आम्हांस विसरतां येत नाहीं. चंदगडकडून नुकताच आलेला एक मुलगा वर्गांत उभा राहिला व सुटींत काय केलें तें सांगूं लागला. घरीं जसें बोलावें तसेंच तो बोलला. वर्ग हंसला, आणि लिहावयास लाज वाटते, पण आम्हांसही हंसूं आवरलें नाहीं. त्या दिवसापासून तो मुलगा पुस्तकी मराठी बोलूं लागला, तीही जेवढ्यास तेवढी. पुढें स्नेहसंमेलनाच्या दिवशीं त्याची आजी शाळेंत आली. तिनें नातवाला आपल्या बोलींत कांहीं विचारलें. त्यानें इकडे तिकडे पाहिलें व शुद्ध, ग्रांथिक मराठींत उत्तर दिलें. आजी पुढें कांहीं बोलली नाहीं. बोली कशी मरते याविषयीं मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. परंतु आम्हांस तें त्या दोन वाक्यांत दिसलें.

अशा रीतीनें घरांतून उठून चाललेल्या बोलीसाठीं यंत्र काय करूं शकतें, हें पाहण्यास जात्याचें उदाहरण घ्यावें. पिढ्यान् पिढ्या आपल्याकडील स्त्रियांनीं पहाटे उठून दळतांना ओव्या गाइल्या. पुढें गल्लीच्या तोंडाशीं पिठाची गिरणी आली आणि जातें कोपऱ्यांत गेलें. बायकांचे कष्ट वांचले हें उत्तमच झालें; पहाटेचें दळण म्हणजे गाण्याची हौस नव्हती, तें अंगमोड काम होतें. परंतु जात्याबरोबर ओवीही थांबली. अशा वेळीं पुण्याच्या हेमा राईरकर व मूळचे फ्रान्सचे गी पॉयटवाँ या अभ्यासकांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेड्याखेड्यांतून या ओव्या टिपून घेण्याचें काम चालविलें. एक हजाराहून अधिक गांवांतून एक लक्षाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पुढें संगणक व संगीत या दोहोंचे जाणकार बर्नार्ड बेल यांचें साहाय्य मिळालें आणि सुमारें १२० तासांचें ध्वनिमुद्रण झालें. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेनें हा संग्रह क्रमाक्रमानें आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेथें ओवी वाचतां येते, ऐकतां येते आणि ती कोणत्या गांवच्या कोणत्या बाईनें गाइली हेंही कळतें. एका यंत्रानें जो स्वर थांबविला तो दुसऱ्या यंत्रानें राखून ठेवला, असें येथें घडलें.

यंत्र व भाषेचा अभ्यास यांचा हा संबंध कांहीं आजचा नव्हे. पूर्वीं छापखाना हेंच नवें यंत्र होतें. त्याच्या साहाय्यानें विल्यम कॅरे यांनीं श्रीरामपूर येथें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं कोश छापविला, आणि मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघून १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति झाली. हाच कोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घरबसल्या चाळतां येतो. परंतु छापील अक्षराला एक मर्यादा आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत रहा. हे दोन शब्द लिहितांना एक, पण बोलतांना दोन. ‘चार’ व ‘चारा’ यांतील च एकच लिहिला जातो, उच्चार मात्र भिन्न. प्रमाण भाषेंत जर ही अडचण, तर बोलींतील हेल, लांबविलेले स्वर, गिळलेलीं अक्षरें हीं कागदावर कोठून उमटणार? त्यांस ध्वनिमुद्रणच पाहिजे.

ही गोष्ट सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या ध्यानांत आली होती. त्यांच्या देखरेखीखालीं झालेल्या भारतीय भाषांच्या पाहणींत १७९ भाषा व ५४४ बोली नोंदविल्या गेल्या. मराठीचा खंड १९०५ सालीं निघाला. आमच्या शाळेच्या वाचकांस कौतुक वाटावें अशी एक गोष्ट त्यांत आहे. सर्व बोलींची तुलना व्हावी म्हणून जो एक समान उतारा निवडला, तो शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राचा दृष्टांत होय. त्यांत पहिला, दुसरा व तिसरा असे तिन्ही पुरुष, नामाच्या बहुतेक विभक्ति आणि क्रियापदाचे निरनिराळे काळ सहज येतात, म्हणून तो सोयीचा वाटला. एकच बाप व तेच दोन पुत्र, पण कोंकणांत ते एका तऱ्हेनें बोलतात, वऱ्हाडांत दुसऱ्या. याच पाहणीच्या निमित्तानें १९१३ ते १९२९ या काळांत ग्रामोफोनच्या तबकड्यांवर अनेक भाषा मुद्रित करण्यांत आल्या. आज त्या तबकड्यांवरील आवाज संगणकावर ऐकावयास मिळतात. बोलणारीं माणसें केव्हांच गेलीं, आवाज राहिला.

आपल्या राज्यांतही अलीकडे हें काम पुन्हां हातीं घेतलें गेलें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्यानें मराठीच्या बोलींची नवी पाहणी केली. अभ्यासक जिल्ह्याजिल्ह्यांतील गांवीं गेले, माणसांस बोलतें केलें, त्यांचें बोलणें मुद्रित केलें, आणि कोणता शब्द कोठें चालतो हें नकाशावर दाखविलें. ज्यास आपण पुस्तकांत मुलगा म्हणतों तो मालवणींत झील, वऱ्हाडांत पोट्टा आणि आमच्याकडे पोरगं; असे शब्द नकाशावर पाहिले म्हणजे मराठी ही एका शहराची मालमत्ता नव्हे, हें डोळ्यांस दिसतें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा मान देण्याचा निर्णय घेतला, याचा आम्हां सर्वांस आनंद झाला. परंतु तो मान केवळ जुन्या ताम्रपटांचा व ग्रंथांचा नाहीं. पिढ्यान् पिढ्या ज्या तोंडांनीं ही भाषा चालविली त्यांचाही आहे.

येथवर यंत्राची स्तुति झाली. आतां त्याचा दोषही सांगितला पाहिजे. आजचें संगणकी यंत्र भाषा शिकतें तें व्याकरण पाठ करून नव्हे, तर लिहिलेल्या व बोललेल्या मजकुराच्या प्रचंड राशी चाळून. जें पुष्कळ लिहिलें गेलें तें त्यास चांगलें येतें. जें थोडें लिहिलें गेलें तें त्यास येत नाहीं, आणि जें मुळींच लिहिलें गेलें नाहीं तें त्याच्या लेखीं नाहींच. मोबाइलवर आमचें कोल्हापुरी वाक्य लिहूं लागावें तों यंत्र मध्येंच आपला शब्द पुढें सारतें. म्हणजे पूर्वीं वर्गांत एक गुरुजी लाल शाई घेऊन बसत, आतां ते प्रत्येकाच्या खिशांत बसले आहेत! केंद्र सरकारनें २०२२ सालीं ‘भाषिणी’ ही योजना चालू केली, ती मुख्यतः घटनेच्या आठव्या अनुसूचींतील बावीस भाषांसाठीं. २०११ च्या जनगणनेंत दहा हजारांहून अधिक भाषिक असलेल्या १२१ भाषांचीच यादी दिलेली आहे. ज्यांची संख्या त्याहून कमी, त्यांस यादींतही जागा नाहीं. मग यंत्रांत कोठून असणार?

तथापि यावरून यंत्र टाकून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. यंत्र जें ऐकतें तेंच शिकतें, तर त्यास ऐकविणें आपल्या हातीं आहे. गोंडी भाषा पहा. ती आपल्या राज्यांत गडचिरोली व चंद्रपूर या बाजूस बोलली जाते. २०११ च्या जनगणनेंत तिचे भाषिक सुमारें तीस लक्ष होते, तरी आठव्या अनुसूचींत ती नाहीं. छत्तीसगडांत २०१० सालीं शुभ्रांशु चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘सीजीनेट स्वर’ नांवाची एक युक्ति काढली. साध्या दूरध्वनीवरून एका क्रमांकास बोलवावें, आपली तक्रार वा बातमी आपल्या भाषेंत सांगावी, आणि दुसऱ्यांनीं ती त्याच मार्गानें ऐकावी. लिहितां वाचतां येण्याची गरज नाहीं, महाग यंत्राची गरज नाहीं. २०२५ सालीं केंद्राच्या जनजाति मंत्रालयानें ‘आदि वाणी’ हें भाषांतराचें साधन पुढें आणलें, त्यांत संथाळी, भिली व मुंडारी यांबरोबर गोंडीसही स्थान मिळालें. ज्या भाषेनें आपला आवाज ऐकविला ती यंत्राच्या पंक्तीस बसूं लागली.

दूरच्या देशाचें एक उदाहरण देऊन हा मुद्दा स्पष्ट करूं. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या मुलखांत केचुआ नांवाच्या भाषासमूहाच्या भाषा चालतात. इंका राजांच्या राज्यांत या भाषेचा मोठा मान होता. डोमिंगो दे सांतो तोमास या मिशनऱ्यानें १५६० सालीं तिचें व्याकरण व कोश स्पेनमध्यें छापविले. पुढें १७८० सालच्या उठावानंतर स्पॅनिश सत्तेनें या भाषेवर दडपण आणलें. आणि १९७५ सालीं पेरू देशानें तिला राजमान्यता दिली. २०१९ सालीं लिमा येथील सान मार्कोस विद्यापीठांत एका विदुषीनें आपला प्रबंध त्या भाषेंत लिहून तिच्यांतच त्याचें समर्थन केलें. २०२२ च्या मे महिन्यांत गूगलच्या भाषांतरयंत्रांत चोवीस नव्या भाषा घेतल्या गेल्या. त्यांत केचुआ होती आणि आपली कोंकणीही होती. पर्वतावरच्या व समुद्रकांठच्या या दोन भाषा एकाच दिवशीं एका दारांतून आंत आल्या. व्याकरण झालें, राजमान्यता झाली, यंत्रही झालें. तरी शहरांत आलेलीं कित्येक आईबापें आपल्या मुलांशीं ती भाषा बोलत नाहींत, कारण मुलांस कोणी हंसूं नये अशी त्यांची इच्छा असते. त्या आईबापांची व आमच्या वर्गांतील त्या मुलाची गोष्ट एकच आहे.

म्हणून आमचें मत असें कीं, बोलीच्या रक्षणांत दोन कामें आहेत व तीं निराळीं आहेत. एक सांठविण्याचें, दुसरें चालविण्याचें. सांठविण्याचें काम यंत्र उत्तम करील. चालविण्याचें काम मात्र तोंडाचें आहे, आणि लाजेनें मिटलेलें तोंड कोणतेंही यंत्र उघडूं शकत नाहीं. शेंकडों तासांचें ध्वनिमुद्रण असलें आणि घरांत तो शब्द बोलणारें एकही मूल नसलें, तर तें ध्वनिमुद्रण म्हणजे पुस्तकांत दाबून ठेवलेलें फूल होय. रंग थोडाबहुत राहतो. बी धरत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, “परीक्षेंत प्रमाण मराठी लागते, पुढें नोकरींत इंग्रजी लागते, बोलीचे लाड करून मुलांचें नुकसान कां करावें?” ही शंका आईबापांच्या काळजींतून येते, म्हणून ती तुच्छ मानूं नये. प्रमाण भाषा हा राजरस्ता आहे व तो प्रत्येकास चालतां आलाच पाहिजे. नागपूरचा व कोल्हापूरचा मनुष्य एकमेकांस समजतो तो तिच्याच योगानें. परंतु राजरस्ता चांगला झाला म्हणून कोणी आपल्या घराचें दार भिंत घालून बुजवीत नाहीं. दोन भाषा सांभाळणारें मूल गडहिंग्लजच्या प्रत्येक पेठेंत दिसतें; कानडी येते म्हणून त्याची मराठी बिघडत नाहीं. तेव्हां शिक्षकांनीं बोलींतील रूपास ‘अशुद्ध’ हा शिक्का मारण्याऐवजीं ‘हें तुझ्या गांवचें रूप, आणि ग्रंथांत तें असें लिहितात’ एवढें सांगितलें, तर व्याकरणही शिकविलें जाईल आणि आजीचा मानही राहील. हें आम्ही आधीं स्वतःस सांगतों, मग इतरांस.

आतां विद्यार्थ्यांनीं काय करावें तें सांगतों. पुढील दिवाळीच्या सुटींत प्रत्येकानें आपल्या घरांतील किंवा गांवांतील एका वडीलधाऱ्या माणसाचें दहा मिनिटांचें बोलणें मोबाइलवर मुद्रित करावें. प्रथम त्यांची परवानगी घ्यावी. आवाज हा त्यांचा आहे, आपला नव्हे, आणि त्यांनीं नको म्हटलें तर तेथेंच थांबावें. पंखा बंद करावा, यंत्र जवळ ठेवावें, आणि आरंभीं गांव, तालुका व तारीख स्पष्ट बोलावी. ‘कांहीं तरी सांगा’ असें म्हणूं नये. कामाविषयीं विचारावें, कारण शब्द कामाला चिकटून असतात. ज्याच्या आजोबांनीं गुऱ्हाळावर गुळव्याचें काम केलें असेल त्यानें चुलवाण पेटविण्यापासून ढेप काढीपर्यंतची सर्व हकीकत ऐकावी. काहील, मळी, काकवी, चिपाड असे कितीतरी शब्द तींत आपोआप येतील. ज्याच्या घरीं चपला होत असत त्यानें चपलेच्या कानापासून वेणीपर्यंत प्रत्येक भागाचें नांव विचारावें. आजी ओवी म्हणेल तर उत्तमच. न म्हणेल तर पेरणीची, पुराची, माहेरच्या वाटेची गोष्ट चालेल.

मग घरीं बसून तें बोलणें जसें ऐकूं येईल तसेंच कागदावर उतरावें. एकही शब्द सुधारूं नये. मुद्रणाच्या दोन प्रती ठेवाव्या, एक घरीं व एक शाळेच्या ग्रंथालयांत. कारण मोबाइल पडतो, फुटतो, बदलला जातो, आणि त्याबरोबर आंतील सर्व नाहींसें होतें. पांच वर्षें हा क्रम चालला तर आमच्या ग्रंथालयांत असा एक संग्रह होईल कीं, सागरमाळावरील शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासकांसही तो पाहण्यास येथवर यावेंसें वाटेल. ज्यांस याहून पुढें जावयाचें असेल त्यांनीं ‘कॉमन व्हॉइस’सारख्या लोकसहाय्यानें चाललेल्या उपक्रमांत आपला आवाज द्यावा, तेथें मराठीसही जागा आहे, आणि आमच्या बाजूचा हेल त्या यंत्राच्या कानीं पडणें अगत्याचें आहे.

परंतु सर्वांत महत्त्वाचें काम याहून सोपें आहे, आणि त्यास यंत्र लागत नाहीं. मुद्रित केलेली ती गोष्ट विद्यार्थ्यानें स्वतः शिकावी व पुढील स्नेहसंमेलनांत, सर्वांसमोर, त्याच बोलींत सांगावी. श्रोत्यांत त्याची आजी बसलेली असावी. त्या वेळीं कोणास हंसूं आलें, तर तें गोष्टींतील विनोदाचें असावें, बोलीचें नव्हे. तो चंदगडचा मुलगा आतां आमच्या शाळेंत नाहीं. त्याची क्षमा मागण्याचा याहून निराळा मार्ग आम्हांस सुचत नाहीं. इतकें लिहून, येत्या दिवाळीनंतर ग्रंथालयांत पहिलें मुद्रण कोण आणून देतो याची वाट पाहत, आम्ही वाचकांचा निरोप घेतों.